घोड्याचा गुडघा

नीस मागे पडलं आणि बस समुद्राच्या कडेने वळणं घ्यायला लागली की मी माइक हातात घेते आणि विचारते, "मोनॅको म्हटल्यावर काय आठवतं?" वीस वर्षांत उत्तर बदललेलं नाही. मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडतंच, "बिस्किट!" सगळी बस हसते. पार्ल्याच्या त्या खारट बिस्किटानं माझं अर्धं काम करून ठेवलेलं असतं. ज्या देशाचं नाव लहानपणापासून चहाबरोबर खाल्लं, तो जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा आहे, आमच्या डोंबिवलीच्या एका कोपऱ्यात मावेल, हे सांगितलं की लोक खिडकीला नाक लावून बसतात.

मी टूर मॅनेजर. 2003 साली पहिली युरोप टूर केली, तेव्हापासून बहुतेक दर उन्हाळ्यात मराठी माणसांनी भरलेली बस घेऊन इथे येते. घरी ‘माँटे कार्लोला चाललेय’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे झुंबरं लखलखतात. माझ्या डोळ्यांपुढे येतं ते भूमिगत पार्किंग. मोठ्या बसला कॅसिनोच्या चौकात थारा नाही. समुद्रसंग्रहालयाच्या पायथ्याशी, खडकाच्या पोटात ती लावायची आणि मग लिफ्ट, सरकते जिने, पुन्हा सरकते जिने असं करत 44 माणसं वर काढायची. त्यांत दोघांचे गुडघे बदललेले, एक व्हीलचेअर, आणि एक नवं लग्न झालेलं जोडपं, जे प्रत्येक जिन्यावर फोटोसाठी थांबतं.

त्यात घड्याळ. युरोपात ड्रायव्हरचे तास कायद्यानं बांधलेले असतात. साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं विश्रांती, दिवसाच्या एकूण तासांनाही मर्यादा. गाडीतला टॅकोग्राफ मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो आणि रस्त्यावर पोलीस ती काढून बघतात. रात्रीच्या मुक्कामाला इटलीत पिसाच्या बाजूला पोचायचं असतं. तेव्हा त्या हिशेबात बसेल तेवढंच मोनॅको आमच्या वाट्याला येतं. राजवाडा बाहेरून, कॅथेड्रलमधली ग्रेस केलीची कबर, आणि कॅसिनोसमोरच्या चौकात 45 मिनिटं. ब्रोशरमध्ये याला ‘माँटे कार्लोचं वैभव’ म्हणतात. आम्ही आपसात त्याला फोटो स्टॉप म्हणतो.

माझं माइकवरचं भाषण लिंबांपासून सुरू होतं. मोनॅकोचा राजा पूर्वी खात होता तो आपल्याच रयतेच्या लिंबांवरचा आणि तेलावरचा कर. त्या कराला कंटाळून माँतों आणि रोकब्रून ही दोन गावं 1848 साली फुटून निघाली. 1861 साली फ्रान्सकडून चाळीस लाख फ्रँक घेऊन राजानं त्यांच्यावर पाणी सोडलं. राज्याचा बहुतेक भाग गेला, उरला एक खडक आणि समोरची ओसाड टेकडी. तिसरा शार्ल गादीवर होता, पण डोकं चालत होतं त्याच्या आईचं, राणी कॅरोलिनचं. जर्मनीत औषधी पाण्याच्या झऱ्यांवर श्रीमंत माणसं जमतात आणि पाण्यापेक्षा जुगारावर जास्त पैसे घालवतात, हे तिच्या कानावर होतं. 1856 साली जुगाराला परवानगी दिली. रस्ता धड नव्हता, राहायला जागा नव्हती, गिऱ्हाईक यायचं नाही. ठेकेदार आले आणि गाळात गेले.

मग 1863 साली फ्रांस्वा ब्लाँक आला. हा जर्मनीतल्या होम्बुर्गचा कॅसिनो चालवून गब्बर झालेला फ्रेंच माणूस. त्यानं 50 वर्षांचा मक्ता घेतला आणि कंपनी काढली. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ होतो ‘समुद्रस्नान आणि परदेशी पाहुण्यांचं मंडळ’. त्यात जुगार हा शब्द कुठेच नाही. सोवळं नेसलेलं नाव. हीच कंपनी आजही इथला कॅसिनो आणि त्याच्या शेजारचं हॉटेल चालवते, आणि तिचं बहुतांश भागभांडवल मोनॅकोच्या सरकारकडे आहे.

ब्लाँकचं डोकं असं, की जुगाराच्या मेजापेक्षा आधी पलंग महत्त्वाचा. माणूस रात्री राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळतो. म्हणून कॅसिनोच्या शेजारीच त्यानं हॉटेल बांधलं, ओतेल द पारी, 1864 साली ते उघडलं. टेकडीचं नाव होतं स्पेल्युग, म्हणजे गुहा. गुहेत उतरायला कोणता सरदार येणार? 1866 साली टेकडीला राजाचं नाव दिलं, माँटे कार्लो. 1868 साली नीसहून रेल्वे आली. 1869 साली राजानं रयतेचे कर माफ केले. या वाक्यावर बसमध्ये हमखास टाळ्या पडतात, टीडीएस कापून घेत आयुष्य काढलेली माणसं असतात ती.

पॅरिसमध्ये दोन-तीन दिवसांपूर्वी बसच्या खिडकीतून जो ऑपेरा दाखवलेला असतो, त्याची आठवण मी इथे करून देते. प्रशियाशी लढाई हरल्यावर फ्रान्सची तिजोरी रिकामी होती, तेव्हा तो ऑपेरा पूर्ण करायला सरकारला कर्ज दिलं याच ब्लाँकनं. पुढे त्या ऑपेराचा वास्तुशिल्पी शार्ल गार्निए इथे आला आणि कॅसिनोला लागून त्यानं छोटेखानी ऑपेरा बांधला, जेमतेम सव्वापाचशे खुर्च्यांचा. 25 जानेवारी 1879 ला तो उघडला, सारा बर्नार्ड त्या रात्री मंचावर होती. गंमत म्हणजे गार्निएचा दर्शनी भाग समुद्राकडे आहे. सगळं जग चौकात उभं राहून ज्या बाजूचा फोटो काढतं, ती ती बाजू नव्हेच. पण तिकडे वळसा घालून जायला दहा मिनिटं लागतात आणि पंचेचाळीसमधली दहा माझ्याजवळ नसतात.

चौकात उतरल्यावर बहुतेक पुरुष इमारतींकडे बघतच नाहीत, गाड्यांकडे बघतात. हॉटेलच्या दारात पिवळ्या, लाल, काळ्या गाड्या मुद्दाम दिसतील अशा लावलेल्या असतात. आमचे काका लोक त्यांच्या बॉनेटला न टेकता टेकल्यासारखे उभे राहतात. बायका आरशाकडे जातात. कॅसिनोसमोर अनिश कपूरचा ‘स्काय मिरर’ आहे, पोलादाचा मोठा गोल आरसा, त्यात आकाशाबरोबर कॅसिनोसुद्धा उलटा दिसतो. तो करणारा माणूस मुंबईत जन्मला आहे हे सांगितलं की आरशासमोरची गर्दी दुप्पट होते. एक ओळखीचं नाव सापडलं की आपल्या माणसांना परक्या गावात बूड टेकायला जागा मिळते. म्हणून मी बडोद्याच्या सीतादेवींचीही गोष्ट सांगते. प्रतापसिंहराव गायकवाडांच्या या दुसऱ्या राणी दागदागिन्यांसकट मोनॅकोला राहायला आल्या. खंडेराव महाराजांनी 1865च्या सुमारास करवून घेतलेला मोत्यांचा गालिचाही त्यांच्याकडेच आला होता. म्हणजे इकडे ब्लाँक हॉटेल सजवत होता तेव्हाच तिकडे बडोद्यात मोती ओवले जात होते. बायका विचारतात, "गालिच्याचं पुढे काय झालं?" 1994 साली जिनिव्हाच्या एका तिजोरीत निघाला. "आणि राणी खेळायच्या का हो कॅसिनोत?" तेवढ्यात माझं घड्याळ मला वाचवतं.

हे सगळं मी सहा वर्षं बाहेर उभं राहून सांगत होते. कोणी विचारलं, "हॉटेल आतून बघता येतं का?", तर माझं ठरलेलं उत्तर होतं, "नाही हो, आत सोडत नाहीत." खरं सांगायचं तर मला माहीतच नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. 44 माणसं दोन दारांनी आत गेली तर तीन दारांनी बाहेर येतील आणि पिसाचा मनोरा अंधारात बघावा लागेल, एवढं मला कळत होतं. म्हणून मी दार परस्पर बंद करून टाकलं होतं.

2009 सालच्या मे महिन्यात आरशापाशी हेडकाउंट घेतला तर 43. पुन्हा मोजले, 43. साताऱ्याच्या आजी नव्हत्या. वय 74, सहावारी पातळ, त्याखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, खांद्याला कापडी पिशवी. मुलाला विचारलं तर तो गाडीचा व्हिडिओ घेत होता, त्याला वाटलं त्या सुनेबरोबर आहेत. सुनेला वाटलं त्या मुलाबरोबर आहेत. समोरच्या कॅफेत बघितलं, बागेत बघितलं, वॉशरूमच्या रांगेत बघितलं. माझ्या पायांखालची जमीन सरकली. मग आमच्यातलाच एक शाळकरी मुलगा म्हणाला, "त्या त्या हॉटेलात गेल्या. त्या टोपीवाल्या माणसानं दार उघडलं ना त्यांना."

मी धावतच पायऱ्या चढले. दारवानानं मलाही दार उघडून धरलं. मी आपली ओळखपत्र पुढे करून काहीतरी बोलत होते, त्याला ते नकोच होतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा आवाज बंद झाला. बाहेर इंजिनं, शिट्ट्या, आमच्या लोकांचा कलकलाट, आणि आत जाड गालिचा पाऊलसुद्धा ऐकू देत नव्हता. उंच छत, खांब, गुळगुळीत संगमरवर, माणसाच्या उंचीची फुलांची रचना. आणि तिच्या पलीकडे ब्राँझचा घोडा, त्यावर चौदावा लुई. घोड्याचं सगळं अंग काळपट, पण पुढचा उचललेला पाय गुडघ्यापाशी सोन्यासारखा पिवळाधम्मक. खेळायला जाणारे लोक शकुन म्हणून तिथे हात लावतात. शेकडो, हजारो हातांनी तो काळा रंग खाऊन टाकला आहे.

बाजूच्या खुर्चीत आजी बसल्या होत्या. समोरच्या छोट्या मेजावर पेल्यात पाणी, खाली बशी, बशीत कागदी जाळीचा रुमाल.

"आजी!" माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला.

"ये, ये. बस जरा. किती धावतेस पोरी."

"तुम्ही आत कशा आलात?"

"अगं, तो माणूस दार धरून उभा होता. कोणी दार धरलं तर आत जायचं नाही होय? मी पाणी म्हटलं, त्यांनी वॉटर दिलं." मग घोड्याकडे हनुवटी उडवून म्हणाल्या, "ते ढोपर बघितलंस? आमच्या जेजुरीला पायऱ्या अशाच झाल्यात. माणसांच्या अंगाचं तेल असतं ते. मी पण लावला हात."

त्यांनी नुसता हात लावला नव्हता. हात लावून कपाळाला लावला असणार, कारण रिसेप्शनचा तरुण मुलगा आमच्याकडे बघून अदबीनं हसत होता. खंडोबाचा घोडा काय आणि लुईचा काय. घोडा दिसला, हात जोडला. मी त्यांना सांगितलं, जुगारी लोक नशीब उघडावं म्हणून असं करतात. आजींनी क्षणभर विचार केला.

"मग हरून बाहेर येताना परत लावत असतील का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता.

बसमध्ये बसल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न काढला. घोड्यावर बसलेला राजा कधीचा? मी म्हटलं, 1638 सालचा जन्म, 1643 साली गादीवर, 72 वर्षं राज्य केलं. आजी शेजारणीला म्हणाल्या, "म्हणजे आपल्या महाराजांच्या वेळचा." आणि खरंच की. शिवाजी महाराजांचा जन्म 1630चा, राज्याभिषेक 1674चा. व्हर्सायची कारंजी आणि रायगडाचा तट एकाच काळात उभे राहत होते. मी इतिहासात एम.ए. केलंय, पण ही दोन पानं माझ्या डोक्यात वेगवेगळ्या पुस्तकांत होती. त्यानंतरच्या प्रत्येक बसमध्ये मी हे वाक्य वापरते, आणि ते कधी फुकट जात नाही.

पिसाला त्या दिवशी 25 मिनिटं उशिरा पोचलो. कंपनीच्या ऑफिसला मी कारण लिहिलं: ट्रॅफिक.

त्यानंतर मात्र मी ‘आत सोडत नाहीत’ म्हणणं बंद केलं. वेळ मिळेल तसं त्या हॉटेलबद्दल, कॅसिनोबद्दल वाचायला लागले. घोड्यावर पणजोबा आणि आतल्या उपाहारगृहाला पणतवाचं नाव, ‘ल लुई केंझ’ म्हणजे पंधरावा लुई. अलाँ दुकास या शेफनं ते 1987 साली हातात घेतलं आणि 1990 साली मिशलिनचे तीन तारे आणले. हॉटेलातल्या उपाहारगृहाला ते पहिल्यांदाच मिळाले. आपल्याकडे हॉटेलातलं जेवण म्हणजे पनीर असं समीकरण पक्कं असल्यामुळे या माहितीवर बस थंड राहते. तळघर मात्र सगळ्यांना आवडतं. ब्लाँकच्या बायकोनं, मारीनं 1874 साली खडकात खोदून घेतलेलं, लाखो बाटल्यांचं. दुसऱ्या महायुद्धात उत्तम दारू भिंतीआड दडवून ठेवली होती म्हणतात. मारी ब्लाँक मला त्या सगळ्या गोष्टीत सगळ्यात जवळची वाटते. 1877 साली नवरा गेला, तरी धंदा तिनं थांबू दिला नाही. गार्निएचा ऑपेरा उभा राहिला तो तिच्याच काळात.

कॅसिनो आतून बघायचा योग 2017 साली आला. नीसला दोन रात्रींचा मुक्काम होता आणि एक सकाळ मोकळी. बहुतेकांनी समुद्र पसंत केला, सहा जण म्हणाले, आम्हाला कॅसिनोच बघायचाय. आम्ही रेल्वेनं गेलो. सकाळी तिकीट काढून दालनं बघता येतात, खेळ दुपारी दोननंतर सुरू होतो. ओतेल द पारीचं तेव्हा मोठं नूतनीकरण चाललं होतं, 2014 साली सुरू झालेलं ते 2019 पर्यंत चाललं. हॉटेलकडे बघून आमच्या सहांतल्या एक काकू म्हणाल्या, "आपण आलो की हे लोक परांची बांधतात. ताजमहालाला गेलो होतो तेव्हाही."

कॅसिनोच्या दारातून आत गेलं की आधी प्रशस्त ओसरी लागते, तिथे ऑनिक्स दगडाचे 28 खांब. समोरचं दार ऑपेराचं. ‘ल स्पेक्त्र द ला रोझ’ हा निजिन्स्कीनं नाचलेला बॅले 1911 साली पहिल्यांदा झाला तो याच दाराच्या आत. खेळायची दालनं बाजूला. म्हणजे आत शिरताना कोणालाही वाटावं की आपण गाण्याला आलोय. युरोप दालनात बोहेमियाच्या काचेची आठ झुंबरं, एकेक 150 किलोचं. गुलाबी दालनाच्या छतावर उघड्यावाघड्या बायका तरंगत धूम्रपान करताना रंगवल्या आहेत. काकूंनी मान वर करून बराच वेळ बघितलं. "कपडे गेले, पण विडी नाही सुटली," म्हणाल्या.

आमच्यात एक काका होते, सांगलीकडच्या बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी छताकडे बघितलं नाही, झुंबराकडे बघितलं नाही. ते मेजापाशी थांबले. एक माणूस रूलेटच्या चाकावरचं झाकण काढून त्याच्या कडेवर पाणसळ ठेवून बघत होता. लहान, पितळी पट्टीची. बुडबुडा मधोमध येईपर्यंत वाट बघायची, मग पट्टी पाव वळणाने फिरवून पुन्हा. काका म्हणाले, "माझे वडील गवंडी होते. हे काम ओळखतो मी."

मी त्यांना जोसेफ जॅगरची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात यॉर्कशरहून आलेला, कापडधंद्यातला माणूस. फिरत्या यंत्राला कुठेतरी झोल असतोच, हे गिरणीच्या सहवासात राहिलेल्याला शिकवावं लागत नाही. त्यानं माणसं नेमून दिवसेंदिवस चाकांवर पडणारे आकडे टिपून घेतले. एका चाकावर काही आकडे जास्त पडत होते. त्यावर लावत गेला आणि भरपूर कमावलं. कॅसिनोनं चाकं बदलली तेव्हा तो थांबला आणि पैसे घेऊन घरी गेला. त्या पाणसळीच्या बुडबुड्यात मला तो दिसतो.

काकांनी चाकावरची घरं मोजली. 1 ते 36, आणि एक शून्य. "एका आकड्यावर लावलं आणि आला, तर किती देतात?" मी म्हटलं, लावल्याच्या 35 पट, आणि लावलेला परत. काकांनी बोटावर नाही, नजरेनंच हिशोब केला. "म्हणजे सदतीस घरांवर एकेक ठेवला तर सदतीस घेतात, छत्तीस देतात." बस्स. पावणेतीन टक्क्यांहून थोडं कमीच. ते झुंबराकडे पहिल्यांदा तेव्हा बघायला लागले. "बँकेचंसुद्धा याच आसपास सुटतं. आम्हाला झुंबर लावायचं सुचलं नाही एवढंच."

ब्लाँकनं आणि त्याच्या भावानं होम्बुर्गला 1843 साली दुसरं शून्य काढून टाकलं होतं. बाकीचे दोन शून्यं ठेवत होते, यांनी एकच ठेवलं. कॅसिनोचा फायदा निम्म्यावर आणला, आणि गिऱ्हाईक तिकडे लोटलं. किराणा दुकानदाराला विचारा, तो सांगेल हे. त्या काळी लोक म्हणायचे, लाल कधी जिंकतो, काळा कधी जिंकतो, पण पांढरा नेहमीच. फ्रेंचमध्ये ब्लाँक म्हणजे पांढरा.

"आणि ती बँक फोडणारा कोण?" काकांनी मला गाठलं. माइकवर मी वर्षानुवर्षं सांगत होते, 1891 साली चार्ल्स वेल्स नावाच्या इंग्रजानं माँटे कार्लोची बँक फोडली, त्याच्यावर लंडनमध्ये गाणं निघालं, पुढे तो फसवणुकीपायी तुरुंगात गेला. पण फोडली म्हणजे काय केलं? तर एका मेजावर दिवसाला ठेवलेली रोकड संपली. मग त्या मेजावर काळं कापड टाकायचं आणि आतून नवी रोकड येईपर्यंत खेळ थांबवायचा. काका हसले. "म्हणजे काउंटरची कॅश संपली. चेस्टमधून आणली की चालू. याला बँक फोडणं म्हणत नाहीत हो, आमच्याकडे महिन्याच्या एक तारखेला हेच व्हायचं." पण काळं कापड टाकण्याचा थाट बघा. पैसे गेले तेही कॅसिनोनं तमाशा करून विकले. प्रत्येकाला वाटलं, उद्या आपलं मेज.

18 ऑगस्ट 1913 च्या रात्री याच इमारतीत गोळी सलग 26 वेळा काळ्यावर पडली. पंधराएक वेळा काळा आल्यावर लोक लालवर तुटून पडले, आता लाल यायलाच हवा म्हणून, आणि बुडत गेले. गोळीला मागचं काही आठवत नाही, हे सांगायला गणित लागत नाही. आपल्याकडे चार मुली झाल्यावर ‘आता मुलगाच’ म्हणून पाचव्यांदा चाक फिरवणारी घरं मी बघितली आहेत. तिथे हरलेल्या डावाचं नाव नकोशी ठेवायचे.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर काकूंनी विचारलं, इथली माणसं खेळून खेळून बरबाद नाही होत? नाही, कारण मोनॅकोच्या नागरिकांना खेळायलाच बंदी आहे. गोव्यानंही 2020 साली स्थानिकांना कॅसिनोत जायला मनाई केली, तो विचार इथे दीडशे वर्षं जुना आहे. विकायचं ते विष बाहेरच्यांना. आपल्या महाराष्ट्राची तऱ्हा आणखी न्यारी. 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही, आणि 2023 साली रद्द केला.

परक्यांमधला जो धुऊन निघायचा, त्याला मात्र जुन्या काळी कॅसिनो घरी जायच्या भाड्यापुरते पैसे द्यायचा. त्याला फ्रेंचमध्ये ‘व्हियातिक’ म्हणत. मला त्यासाठी मराठीत शब्द शोधावा लागला नाही, वाटखर्ची. फेडेपर्यंत पुन्हा आत प्रवेश नाही. त्यात दयेपेक्षा हिशोब जास्त होता, कारण चौकात रडत बसलेला माणूस दुसऱ्या गिऱ्हाइकाला परत फिरवतो. तरी मला ती पद्धत आवडते. माझंही काम शेवटी तेच आहे, आणलेला प्रत्येक माणूस घरी पोचवणं.

आज त्या राज्याच्या उत्पन्नात जुगाराचा वाटा किरकोळ राहिलाय, मोठा वाटा व्हॅटचा. तरी झुंबरं पुसली जातात, पाणसळ ठेवली जाते. खेळणाऱ्यांपेक्षा बघणारे कितीतरी जास्त येतात, आणि बघणारेही कुठे ना कुठे पैसे सोडतात, एका कॉफीत, एका मॅग्नेटमध्ये, माझ्या टूरच्या किमतीत. ब्लाँकच्या कंपनीचं नाव खोटं होतं असं मी पूर्वी म्हणायचे. आता तेवढं खात्रीनं म्हणत नाही.

करोनात तीन वर्षं घरी बसले. 2023 च्या मेमध्ये पुन्हा बस घेऊन आले. हॉटेलचा दर्शनी भाग नवा कोरा दिसत होता. लोकांना आरशापाशी सोडलं, वेळ सांगितली, दारवानाला विचारलं आणि आत गेले. आजींची खुर्ची जिथे होती तिथे आता काय आहे ते मला ओळखू आलं नाही. घोडा होता. सगळं घासूनपुसून लखलखीत केलेलं, पण घोड्याचं अंग तसंच काळपट आणि गुडघा तसाच पिवळा. एक जोडपं पाठमोरं उभं होतं, बाई आधी, मग पुरुष, दोघांनी हात लावला आणि कॅसिनोकडे निघाले. मी त्यांच्या परतीची वाट बघत थोडा वेळ रेंगाळले असते. घड्याळात अकरा मिनिटं उरली होती, आणि कॅफेच्या वॉशरूमच्या रांगेत माझे चार जण अजून उभे होते.